फ्राउ होले: जुनी देवी की चर्चच्या पंचांगातली बाई?

धागालेखक:
जर्मनीच्या हेसन प्रांतात बर्फ पडू लागले की लोककथांतली बाई फ्राउ होले गादी झटकते आहे, असे लोक म्हणत. लोककथा जमवणाऱ्या याकोब आणि विल्हेल्म या ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या कथेत विहिरीत पडलेली मुलगी तिच्या घरी राहते, पिसांची गादी झटकते, आणि निघताना तिच्यावर सोन्याचा पाऊस पडतो. तिची आळशी बहीण मात्र डांबराने माखून परतते. याकोब ग्रिमने पुढे १८३५ मध्ये होलेला ख्रिस्तपूर्व जर्मन देवी ठरवले, आणि मला ते पटते. विहिरीच्या तळाशी असलेल्या घरातून वरच्या जगावर बर्फ पडावे, ही कल्पना कोणा पाद्र्याची असणे शक्य नाही.

पहिला प्रतिसाद:
कल्पना सुंदर आहे, पण पुरावा नव्हे. ज्या कथेवर एवढी देवी उभी केली, ती ग्रिमना कासेल शहरातील औषधविक्रेत्याच्या मुलीने, डोर्टशेन विल्डने सांगितली होती. पुढे ती विल्हेल्मची पत्नी झाली. खेड्यातली म्हातारी यात कुठे आहे?

धागालेखक:
सांगणारी शहरातली म्हणून कथा शहराची ठरत नाही. वर्म्सचा बिशप बुर्खार्ड याने अकराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या चर्चच्या नियमसंहितेच्या काही हस्तलिखितांत, रात्री स्त्रियांसह संचार करणाऱ्या ‘होल्डा’चे, म्हणजे माझ्या मते होलेचेच, नाव येते.

पहिला प्रतिसाद:
येते, पण कुठे, तेही पाहा. पापकबुलीच्या वेळी विचारायच्या प्रश्नांत, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या माणसांसाठी! शिवाय लोकसमजुतीतली होले हिंडते ती नाताळ ते ६ जानेवारी या बारा रात्रींत, आणि तोवर जिचे सूत कातून संपलेले नाही, तिला शिक्षा करते. हे पंचांग चर्चचेच आहे. मुळात कोणी देवी असेलही. मात्र खेड्याने तिला जपले ते थंडीतल्या सूतकताईसाठी.

दुसरा प्रतिसाद:
दोघेही छापील प्रतीवर फार विसंबता. विल्हेल्म प्रत्येक आवृत्तीत मजकूर घोटत गेला. सिंड्रेलाच्या जर्मन कथेत नंतरच्या आवृत्तीतली मरणासन्न आई ‘धार्मिक आणि चांगली राहा, म्हणजे देव नेहमी तुझ्या पाठीशी राहील’ असे बजावते, पण १८१२ च्या पाठात देवाचे ते आश्वासन नाही. तेथे ती आपल्या थडग्यावर रोप लावायला सांगते.

धागालेखक:
म्हणजे धर्म नंतर चिकटवला, हेच मी म्हणतो आहे.

दुसरा प्रतिसाद:
घाई नको. त्याच १८१२ च्या पाठात, रोपाचा विषय काढण्याआधीच, आई म्हणते की मी वर स्वर्गात गेले की तेथून तुझ्याकडे पाहत राहीन.