पुनरुत्थानाची आशा असताना शोक करणे हे अविश्वासाचे लक्षण आहे का?

प्रश्न

माझ्या बहिणीचा एकोणीस वर्षांचा मुलगा अल्पशा आजाराने प्रभूमध्ये निजला. मंडळीतील लोक प्रेमाने भेटायला येतात. परंतु त्यांतील बरेच जण तिला सांगतात की तो आता प्रभूजवळ सुखात आहे, तेव्हा अश्रू ढाळणे म्हणजे देवाविरुद्ध कुरकुर करणे होय. त्यासाठी बायबलमधील, प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय दाखवला जातो. ती आता कोणासमोर रडत नाही आणि प्रार्थनासभेलाही जाणे टाळते. पौलाला खरोखर असेच म्हणायचे आहे का? मी तिला काय सांगावे?

उत्तर १

तेराव्या वचनात पौल शोकाला मनाई करत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नये, एवढेच तो म्हणतो. प्रभूच्या आगमनापूर्वी जे मरण पावले ते त्या दिवसाला मुकतील, अशी धास्ती थेस्सलनीका येथील विश्वासणाऱ्यांना वाटत होती आणि ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील, हे त्या धास्तीला दिलेले उत्तर आहे. या शब्दांनी एकमेकांचे सांत्वन करा, असे अठरावे वचन सांगते. तेच वचन दाखवून एखाद्या आईला गप्प करणे मला तरी अनुचित वाटते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात, मार्था आणि मरीया यांचा मेलेला भाऊ लाजर याला आपण थोड्याच वेळात उठवणार आहोत हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. ‘आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता’ असे मार्था आणि मरीया या दोघींनीही त्याला तोंडावर ऐकवले, आणि त्याबद्दल त्याने दोघींपैकी एकीलाही दटावले नाही. शिवाय पौल करिंथकरांस मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. आशा आहे ती त्या शत्रूच्या पराभवाची, आणि म्हणून त्याने केलेला घाव क्षुल्लक मानण्याची गरज नाही.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. दुःखाची कारणे सांगू लागल्यावर मात्र ते चुकले आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावर झाला. बहिणीला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करणे जमत नसेल, तर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचून पाहावे. ते अंधारातच संपते, तरीही ते देवालाच उद्देशून आहे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची तेरा वर्षांची मुलगी मॅग्डालेना १५४२ मध्ये वारली, तेव्हा पुनरुत्थानाचा उपदेश आयुष्यभर करणारा तो बापही रडलाच.

उत्तर ३

माझी मुलगी गेली तेव्हा मला दावीद राजाचे उदाहरण देण्यात आले: बाळ मेल्यावर तो उठला, त्याने स्नान केले आणि तो जेवला. ‘मी त्याच्याकडे जाईन, पण तो माझ्याकडे परत येणार नाही’ हे त्याचे शब्द मलाही धीर देतात. मात्र हाच दावीद पुढे आपला मुलगा अबशालोम मेल्यावर त्याच्यासाठी वेशीवरच्या खोलीत हंबरडा फोडतो, हे सांगणारे फारसे कोणी भेटले नाही. त्यामुळे शोकाची मुदत कोणी ठरवू नये.

भाच्याचे नाव घेणे थांबवू नका. लोक संकोचाने ते टाळतात आणि आईला ते फार लागते. प्रार्थनासभेला तिच्याबरोबर जा, मागे बसा, आणि तिला मध्येच उठावेसे वाटले तर कारण न विचारता तुम्हीही उठा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांची आभारी आहे. अकरावा अध्याय आम्ही दोघी मिळून वाचू. तो आता नेमका कोठे आहे, असे तिने विचारले तर?

उत्तर १

पौल फिलिप्पैकरांस लिहितो की येथून सुटून जाणे म्हणजे ख्रिस्ताजवळ असणे, आणि शरीराचे पुनरुत्थान अजून व्हायचे आहे. तिने विचारले तर एवढे सांगा. त्यापलीकडचे वर्णन करण्याचा मोह मी स्वतः टाळतो, कारण पवित्र शास्त्रही तेथे फार थोडे बोलते.