लिओपोल्डचं घर आणि काँगो

बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याला घरात खूप दुःखं सोसावी लागली, असं काही जण लिहितात. ते खरंच आहे. बहीण शार्लोट मेक्सिकोची सम्राज्ञी. १८६६ मध्येच तिचं मन ढासळलं, ते कायमचं; १८६७ मध्ये तिच्या नवऱ्याला, मॅक्सिमिलियनला, गोळ्या घातल्या. १८६९ मध्ये राजाचा एकुलता एक मुलगा नऊ वर्षांचा असताना न्यूमोनियानं गेला, तळ्यात पडल्यावर. बाप शवपेटीपाशी कोसळला म्हणतात. जावई, ऑस्ट्रियाचा युवराज रुडॉल्फ, मायर्लिंगच्या शिकारघरात मेला.

पण पोटचं पोर गमावलेला आणखी एक बाप इथे यायलाच हवा. १९०४ च्या मे महिन्यात आफ्रिकेत, याच राजाच्या ताब्यातल्या काँगोत, बारिंगा इथल्या ख्रिस्ती मिशनच्या ओसरीवर एन्साला नावाचा माणूस बसला आहे, समोर मुलीचा तुटलेला हात आणि पाय. बोआली पाच वर्षांची होती. रबर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी तिला मारलं. मिशनरी ॲलिस हॅरिसनं काढलेला त्याचा फोटो पाहिल्यावर राजाच्या घरातल्या शोकाकडे मला पूर्वीसारखं बघता येत नाही.

राजा स्वतः काँगोत एकदाही गेला नाही. १८८५ ते १९०८ तो मुलूख बेल्जियमचा नव्हता, त्याच्या एकट्याच्या मालकीचा होता. तो बेल्जियमच्या हाती सोपवताना त्यानं ब्रसेल्समधले काँगोच्या कारभाराचे कागद जाळून टाकले. कुटुंबाची पत्रं, आठवणी मात्र राहिल्या, म्हणून त्याच्या घरची कहाणी आपल्याला इतकी तपशिलात कळते. मुलींना वारसा मिळू नये म्हणून त्यानं पैसा परदेशी संस्थेत दडवला होता; त्यावरून थोरल्या लुईजनं त्याच्या मृत्यूनंतर बेल्जियम सरकारला कोर्टात खेचलं.