पक्षाची सभा आझाद मैदानावरच हवी का?

मांडवीकाठ
कचेऱ्या सुटायच्या वेळी आझाद मैदानावर सभा असली की पणजी तुंबते. अडथळा मैदानात बसलेल्यांचा नसतो, त्यांना आणणाऱ्या बसगाड्यांचा असतो. माणसं उतरवून त्या बांदोडकर मार्गाच्या कडेलाच थांबतात आणि बसस्थानकाकडे निघालेली वाहतूक खोळंबते. सभा कांपालला हलवा, तिथे जागा मोठी आहे.

पाटोपूल
कांपाल त्याच रस्त्यावर पुढे आहे! फोंडा-म्हापशाच्या गाड्या तिथे जायला अख्खी पणजी ओलांडणार, तीही जाता-येता. त्यापेक्षा माणसांना शहरात शिरतानाच, बसस्थानकाजवळच्या पाटोला उतरवा, पुढे पंधरा-वीस मिनिटं चालू द्या.

शिवाय सभा फक्त आणलेल्यांसाठी नसते. फेरीबोट पकडायला निघालेला माणूस दहा मिनिटं थबकतो, दुसऱ्या पक्षाचं म्हणणं कानावर घेतो. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, या 1967 च्या जनमत कौलात 'फूल' (विलीनीकरण) आणि 'दोन पानं' (वेगळं राहणं) यांचा वाद असाच चव्हाट्यावर झाला. शांततेनं, निःशस्त्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम 19 नं दिलाय.

मांडवीकाठ
त्याच कलमात वाजवी निर्बंधही आहेत. आणि वाटसरूनं ऐकायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या. भोंगे खांबावर चढवून चारी दिशांना तोंडं केली, की ऐकायचं नसलेल्यांच्या घरातही भाषण शिरतं.

आवाजमाप
इथे मी मांडवीकाठ यांच्या बाजूने. 2000 च्या ध्वनी नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेहून 10 डेसिबलपेक्षा जास्त नको, किंवा 75. यातलं जे कमी ते. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55, म्हणजे हद्दीवर 65. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. चूक होते ती मांडणीत: दोनच मोठे भोंगे लावतात, मग शेवटच्या रांगेसाठी आवाज वाढवावाच लागतो. त्याऐवजी सहा-आठ छोटे स्पीकर गर्दीच्या मधेमधे, तोंडं आतल्या बाजूला. हद्दीवरचं मोजमाप सभा सुरू होण्याआधी, ध्वनिचाचणीतच घ्यावं. भाषण रंगात आल्यावर आवाज कमी करायला कुणी धजत नाही.

पाटोपूल
स्पीकरचं मान्य, जागेचं नाही. परवानगीच्या अर्जातच बसगाड्यांची संख्या आणि त्या कुठे थांबणार हे लिहून घ्या. रुग्णवाहिकेसाठी एक मार्गिका दोरी बांधून मोकळी ठेवा, तिथे पक्षाचेच चार स्वयंसेवक उभे करा.

मांडवीकाठ
आणि लिहिलेल्यापेक्षा दहा गाड्या जास्त आल्या तर? त्या पाटोलाच अडवून परत धाडायच्या असतील, तर आझाद मैदानाला माझी हरकत नाही.