मिल्ट कालची रेघ १९६१ नंतर खरखरीत का झाली?

दुरेघी
'पिनोकिओ' (१९४०) आणि 'द सोर्ड इन द स्टोन' (१९६३) एकापाठोपाठ, फ्रेम अडवून अडवून पाहिले. दोन्हींत डिस्नेचा ॲनिमेटर मिल्ट काल याचं काम आहे, पण रेघ एका हाताची वाटत नाही. पहिल्यात ती बारीक, मऊ आणि बऱ्याच ठिकाणी रंगीत. दुसऱ्यात काळी, दाणेदार, आणि मर्लिनच्या दाढीत तर खालचे कच्चे फटकारेसुद्धा दिसतात. वयाचा परिणाम, घाई, की मुद्दाम?
दुसरा प्रश्न: अशी रेघ कागदावर काढून स्कॅन करायची तर काय लागेल? सध्या ए-४, ७० जीएसएम कागद, एचबी पेन्सिल, ऑफिसचा दोन भोकांचा पंच आणि साधा फ्लॅटबेड स्कॅनर आहे. चित्रं चालवली की सगळं थरथरतं.

सेलवाला
हात तोच आहे. उलट १९६१ च्या आधी पडद्यावर दिसते ती रेघच मिल्टची नाही. (आडनाव लावलं की 'कालची रेघ' होतं, म्हणून मिल्टच म्हणू.)

तेव्हा ॲनिमेटर मुख्य पोझेस काढायचा, असिस्टंट मधली चित्रं भरायचे, आणि क्लीन-अपवाले सगळं नव्या कागदावर एका सलग रेघेत उतरवायचे. मग चित्र शाई विभागात. तिथे बहुतेक बायका असत. कागदावर सेल (पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पत्रा) ठेवून टाकाच्या बारीक निबाने रेघ गिरवायची, हातात बोटांची टोकं कापलेले सुती मोजे, कारण सेलवर हाताचा तेलकट ठसा उमटला की शाई-रंग नीट धरत नाही. शाईही नुसती काळी नाही: त्वचेला तपकिरी, निळ्या कपड्याला गडद निळी. रेघ पुढच्या बाजूला, रंग मागच्या बाजूला. म्हणजे मिल्टच्या पेन्सिलीनंतर आणखी दोघातिघांचे हात लागून रेघ तुमच्यापर्यंत यायची. तुम्हाला जाणवलेला मऊपणा शाई विभागाचा आहे.

हे परवडेनासं झालं. 'स्लीपिंग ब्यूटी' (१९५९) सुमारे ६० लाख डॉलरला पडला आणि पहिल्या प्रदर्शनात खर्च वसूल झाला नाही. पुढचा सिनेमा '१०१ डालमेशियन्स'. ७९ मिनिटं गुणिले ६० गुणिले २४ म्हणजे १,१३,७६० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सतत पडद्यावर असणाऱ्या एका पात्राची जवळपास ५७ हजार चित्रं होतात, आणि इथे तर ठिपकेवाल्या पिल्लांची झुंडच. टाकाने कोण गिरवणार?

अब आयवर्क्सने (हाच तो, मिकीची सुरुवातीची चित्रं काढणारा) झेरॉक्सचं तंत्र सेलसाठी बसवलं. धातूच्या प्लेटवर सेलेनियमचा थर, त्याला स्थिर विजेचा भार द्यायचा, मग पेन्सिलीचं चित्र कॅमेऱ्यातून त्यावर पाडायचं. उजेड पडतो तिथला भार उतरतो, रेघेच्या जागी राहतो, तिथे काळी पूड चिकटते. ती पूड सेलवर उतरवून पक्की करायची. 'गोलायथ टू' (१९६०) या लघुपटात हे पूर्णपणे वापरलं, मग १९६१ मध्ये 'डालमेशियन्स'मध्ये. चित्र लहान-मोठं करून पुन्हा वापरता आलं हा जादा फायदा. त्यातल्या खलनायिकेच्या, क्रुएलाच्या, गाडीसाठी तर पांढऱ्या पुठ्ठ्याचं मॉडेल करून कडा काळ्या रंगवल्या, ते चित्रित केलं आणि त्या फ्रेम सेलवर उतरवल्या.

आता दोष. झेरॉक्सला पक्की आणि कच्ची रेघ यांतला फरक कळत नाही. अर्धवट खोडलेला ग्रॅफाइट, घडणीचे फटकारे, सगळं उचलतो. त्यात क्लीन-अपवाले आता नव्या कागदाऐवजी ॲनिमेटरच्याच चित्रावर हलकी डागडुजी करू लागले. दाढी, केस, फर अशा रेघांच्या गर्दीत ते सर्वांत जास्त उघडं पडतं. रेघ फिकट असेल तर पूड तुटक बसते, म्हणून दाणे. वॉल्ट डिस्नेला हे रूप आवडलं नव्हतं. ॲनिमेटर मात्र खूश होते.

मार्जिन
सेलवाला यांच्याशी सहमत, पण एक भर. खरखर म्हणजे मिल्टचा गबाळेपणा असं कोणी समजू नये. त्या खोलीत सर्वांत नेमकं ड्रॉइंग त्याचंच होतं. अंगठा कुठल्या सांध्यातून वळतो, मान फिरताना जबड्याचा कोन कसा बदलतो, हे त्याच्या पेन्सिलीत पक्कं असायचं. त्यामुळे झेरॉक्सचा सर्वाधिक फायदा त्यालाच झाला. ज्यांचं ड्रॉइंग क्लीन-अपवाल्यांवर अवलंबून होतं त्यांना हे तंत्र महागात पडलं.

थोडक्यात कारकीर्द: जन्म १९०९, सॅन फ्रान्सिस्को. शाळा अर्धवट सोडून वृत्तपत्राच्या कला विभागात, १९३४ मध्ये डिस्नेत. पिनोकिओ सुरुवातीला ताठ लाकडी बाहुला म्हणून चालला होता. मिल्टने आधी गोंडस मुलगा काढला आणि मग त्याला लाकडी सांधे आणि नाक जोडलं. पात्राचं कोडं तिथे सुटलं. चांगलं काढतो म्हणून कंटाळवाणी कामंही त्याच्याच गळ्यात: 'स्लीपिंग ब्यूटी'चा राजपुत्र हे ठळक उदाहरण. देखण्या चेहऱ्यात अर्ध्या रेघेची चूकही दिसते आणि अभिनयाला वाव शून्य. खरा मिल्ट पाहायचा तर 'द सोर्ड इन द स्टोन'मधली मॅडम मिम, 'द जंगल बुक'मधला शेरखान (१९६७) आणि 'द रेस्क्यूअर्स'मधली (१९७७) मेड्यूसा पाहा. मेड्यूसा बोलता बोलता खोट्या पापण्या ओढून काढते तो प्रसंग एकेक फ्रेम करून बघा. पापणीबरोबर कातडी किती ताणली आहे ते मोजण्यासारखं आहे. ते त्याचं शेवटचं मोठं काम. १९७६ मध्ये त्याने स्टुडिओ सोडला, १९८७ मध्ये गेला.

'द रेस्क्यूअर्स'मध्ये रेघ पुन्हा मऊ दिसेल, कारण काळ्याऐवजी करडी पूड वापरली होती.

जाता जाता: १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आलेले क्लेअर वीक्स डिस्नेतल्या हाती-शाईच्याच काळातले. भारतीय ॲनिमेटर राम मोहन त्यांच्या हाताखाली शिकले. तिथला 'द बनियन डिअर' (१९५७) तुलनेला घेतलात तर झेरॉक्सपूर्व पद्धत म्हणूनच घ्या.

दुरेघी
दोघांचे आभार. मग थरथरीचं काय? ती झेरॉक्सची तर नाही.

पेगबार
नाही, ती पंचची. ऑफिस पंचची भोकं गोल, ६ मिमीची, ८० मिमी अंतरावर. दोन्ही गोल असल्यामुळे कागद दोन्हीकडे सरकतो आणि चाळीस-पन्नास वेळा उलटल्यावर भोक मोठं होतं. पेगबार म्हणजे कागद अडकवायची खिळ्यांची पट्टी. अ‍ॅक्मे प्रकारच्या पेगबारमध्ये मधला खिळा गोल (पाव इंच) आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ४ इंचांवर चपटे खिळे असतात. ताण लांब कडेवर येतो म्हणून भोक फाटत नाही. पंच महाग पडतो, भोकं पाडलेले कागद आणि प्लास्टिकचा पेगबार स्वस्त.

पंचच ठेवायचा असेल तर ७० जीएसएम सोडा, ८० ते ९० घ्या. गठ्ठा नको, एका वेळी दोन-तीनच कागद पंच करा. फाटलेल्या भोकावर वेगळ्या कागदाची भोकवाली पट्टी चिकटवा, पण आधी पेगवर बसवून मग. पेगबार स्कॅनरच्या काचेच्या कडेला चिकटपट्टीने पक्का करा आणि प्रत्येक चित्र त्यावरच स्कॅन करा. कागदाची कड काचेच्या कोपऱ्याला टेकवून स्कॅन केलं की थरथर आलीच, कारण रिममधले कागद एकसारखे कापलेले नसतात. पावसाळ्यात कागद फुगतो. एक सीन अर्धा जूनमध्ये, अर्धा ऑक्टोबरमध्ये केलात तर तोही फरक दिसेल.

रेघेसाठी: घडण फिक्या निळ्या पेन्सिलीत, पक्की रेघ त्याच कागदावर २बी ने, दाब देऊन. ३०० डीपीआय, रंगीत स्कॅन, आणि फक्त निळा चॅनल ठेवा. त्यात निळी पेन्सिल जवळपास पांढरी होते. लाल पेन्सिल मात्र त्याच चॅनलमध्ये काळी येईल, म्हणून घडणीला लाल नको. मग थ्रेशोल्ड (कितपत गडद ते काळं धरायचं ती सीमा), ० ते २५५ मध्ये १८० पासून सुरुवात. वर नेलात की कच्चे फटकारे येतात, खाली आणलात की रेघ तुटते. एक आकडा ठरवला की पूर्ण सीनला तोच. चित्रागणिक बदललात तर रेघ जाड-बारीक होऊन उकळल्यासारखी हलते आणि तुम्हाला पुन्हा पेगबारचा संशय येईल.