मदत हवी आहे: जुन्या जीपच्या डिझेल इंजिनाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं आवरण) ५ मिमी उघडं राहतंय

कापूसवाट (वणी तालुका):
राम राम मंडळी. गाडी महिंद्राची एमएम ५४०, इंजिन एक्सडीपी ४.९० डिझेल. त्याला टोयोटाचा चार गिअरचा, थ्रॉटल केबलवाला ऑटोमॅटिक बसवणं चालू आहे. शेतावर गाडी चालवणाऱ्याला क्लच दाबता येत नाही, म्हणून हा खटाटोप. इंजिन आणि बेलहाउसिंगच्या मध्ये १२ मिमीची लोखंडी प्लेट, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) फ्लँजवर २० मिमीचा स्पेसर, त्यावर फ्लेक्सप्लेट, म्हणजे गिअरबॉक्सच्या कन्व्हर्टरला इंजिनाशी जोडणारी पातळ चकती. गिअरबॉक्स लावला की प्लेट आणि बेलहाउसिंगमध्ये सगळीकडून सारखी ५ मिमी फट राहते. बोल्ट आवळले की फट मिटते, पण क्रँक हाताने फिरत नाही. प्लेट जाड करू का? आणि क्रँक न् गिअरबॉक्स एका रेषेत यावेत म्हणून सेंटर कसं काढायचं? लेथवाला म्हणतो, भोकं जुळली की सेंटर आपोआप येतं.

खरादी_हिंगणघाट:
भाऊ, आधी बोल्ट ढिले करा. ओढून बसवलेला कन्व्हर्टर (क्लचच्या जागी तेलातून जोर पुढे देणारा गोल डबा) मागे गिअरबॉक्सच्या तेलपंपाचा गिअर फोडतो आणि पुढे क्रँक ढकलून थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारी चकती, खातो. या अवस्थेत इंजिन सुरू करू नका.

कन्व्हर्टर पूर्ण आत गेलाय का, ते पहिलं बघा. गिअरबॉक्स उभा ठेवा, तोंड वर. कन्व्हर्टर दाबत दाबत फिरवा. टर्बाइनचा शाफ्ट, स्टेटरचा शाफ्ट आणि पंपाच्या खाचा अशा तीन ठिकाणी तो टप्प्याटप्प्याने खाली बसतो. शेवटचा टप्पा राहिला तरी वरून बसल्यासारखाच दिसतो, आणि बहुतेक जण तिथेच फसतात.

बसला की बेलहाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या पॅडपर्यंतची खोली मोजा, हे माप अ. मग इंजिनाकडे, फ्लेक्सप्लेट त्या १२ मिमी प्लेटच्या तोंडापासून गिअरबॉक्सच्या बाजूला किती बाहेर आलीय ते माप आ. अ मधून आ वजा करून ३ मिमीच्या आसपास उरलं पाहिजे. २ पेक्षा कमी नको, ५ पेक्षा जास्त नको. जास्त झालं तर पंपाच्या खाचा अर्ध्याच धरतात आणि झिजतात.

कापूसवाट:
फिरवून परत बसवला, आधीच पूर्ण बसलेला होता. अ २०, आ २५.

खरादी_हिंगणघाट:
म्हणजे उणे ५, म्हणून तुमची ५ मिमी फट. अधिक ३ पाहिजे, तर ८ मिमी काढावे लागतील. प्लेट २० ची केली तरी जमेल, पण अख्खा गिअरबॉक्स मागे जातो. प्रोपेलर शाफ्ट आणि माउंटिंग परत करत बसाल. माझं मत, स्पेसर २० चा १२ करा.

त्याने दोन गोष्टी बदलतात. रिंग गिअर (फ्लेक्सप्लेटच्या कडेची दात्यांची कडी) ८ मिमी इंजिनाकडे सरकेल, स्टार्टरचा पिनियन पूर्ण दातात येतो का बघा. आणि कन्व्हर्टरचं नाक (पुढचा मधला उंचवटा) क्रँकच्या भोकात ८ मिमी जास्त शिरेल. मॅन्युअल गिअरबॉक्सचा पायलट बुश (त्याच्या शाफ्टचं टोक धरणारा) तिथे असेल तर काढावाच लागेल. नाकावर कणकेची गोळी चिकटवून गिअरबॉक्स एकदा लावा, कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटला टेकेपर्यंत पुढे ओढा, मग काढा. गोळी २ मिमीपेक्षा पातळ चेपली तर नाक तळाला टेकायला आलंय.

स्पेसर ईएन-८ पोलादाचा घ्या, दोन्ही तोंडं ०.०३ मिमीच्या आत समांतर. क्रँकच्या फ्लँजवर तो न हलता घट्ट बसला पाहिजे, आणि नाकाला ०.०५ ते ०.१० मिमी सैल. लेथवाल्याचं म्हणणं इथे चुकतं. बोल्टच्या भोकात मोकळीक असते. बोल्ट धरून ठेवतो, सेंटर देत नाही. बोल्ट १०.९ ग्रेडचे, नव्या लांबीचे घ्या, आणि ते आंधळ्या (आरपार नसलेल्या) भोकात तळाला टेकत नाहीत ना ते तपासा.

बेलहाउसिंगच्या सेंटरसाठी डायल गेज (काट्याचं मापयंत्र) क्रँकच्या फ्लँजवर लावा. या गिअरबॉक्सचं बेलहाउसिंग सुटं होतं, तेवढंच प्लेटवर लावा. गेजचं टोक बेलहाउसिंगच्या मागच्या भोकाच्या आत टेकवून क्रँक एक फेरा फिरवा. काटा एकूण ०.२५ मिमीच्या आत, जमल्यास ०.१५. काटा ०.४० फिरला तर सेंटर ०.२० सरकलंय, म्हणजे अर्धं. हलक्या हातोडीने सारून जुळवा, बोल्ट आवळा, परत बघा, आणि मगच दोन डॉवेल पिनांसाठी (जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांसाठी) रीमर मारा. सगळं जोडल्यावर क्रँकचा पुढचा-मागचा प्ले आधी होता तेवढाच भरला पाहिजे. कमी भरला तर कुठेतरी दाब आहे.

डिझेलमिस्त्री:
जुन्या फ्लायव्हीलवर टायमिंगची खूण असेल तर ती नव्या रिंगवर उतरवून घ्या.

थ्रॉटल केबल इंजेक्शन पंपाच्या लिव्हरला जोडताना पूर्ण रेस दिल्यावर केबलही पूर्ण ओढली गेली पाहिजे. ढिली राहिली की तेलाचा दाब कमी पडतो, गिअर घसरत पडतात आणि गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटी जळतात. हे इंजिन पेट्रोलइतकं फिरत नाही, म्हणून गिअर उशिरा पडतील. ते गिअरबॉक्सच्या गव्हर्नरच्या (गाडीच्या वेगानुसार गिअर पाडणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगने जुळवावं लागतं, केबल ढिली करून नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि शेतरस्त्यावर गाडी हळू चालते तेव्हा हवा लागत नाही. तेलाचा कूलर रेडिएटरपुढे वेगळ्या पंख्यासकट लावा. बॅटरी चांगली ठेवा, कारण ही गाडी धक्का मारून सुरू होत नाही. ओढून न्यायची वेळ आली तर मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडवा. इंजिन बंद असलं की पंप बंद, आत तेल फिरत नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ (गाडीत फेरबदल) खाली आरटीओत लेखी विचारून घ्या, गाडी रस्त्यावर काढायच्या आधी.