आजीचे डोळे फोटोत काळे का येतात?

प्रश्न: सांगलीला अंगणात आजीचे फोटो काढले, दुपारी १२ वाजता. ५० एमएम लेन्स, एफ १.८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा लहान तितकं छिद्र मोठं). डोळ्यांखाली काळे खड्डे, नऊवारीचा पदर पांढराफटक. काय चुकलं?

उत्तर १: ऊन डोक्यावर होतं, दुसरं काय! आजींना ओसरीच्या कडेला सावलीत बसवा, तोंड अंगणाकडे. मांडीवर पांढरा पंचा पसरा, खालून उजेड चेहऱ्यावर परततो. माझी आई आधी 'हे काय सोंग' म्हणाली. आता तोच फोटो भिंतीवर आहे.

उत्तर २: एफ २.८ ठेवा, फोकस जवळच्या डोळ्यावर. जवळून काढताना १.८ ला दुसरा डोळा धूसर होतो.

प्रश्नकर्ता: पंचा चालला! पण 'हस' म्हटलं की आजी ताठ होते.

उत्तर १: हस म्हणूच नका. लोणच्याचं विचारा.