मदत हवी आहे: सुरुवात भारी, पुढे कंटाळा. गेम ठेवू की उडवू?

मंडळी, भुसावळहून विचारतोय. दिवाळीला साठवलेल्या पैशांतून एक गेम घेतला. पहिले तीन तास काय सांगू! पावसात भिजलेलं शहर, डबक्यात हलणारे दिवे, चहावाल्यालासुद्धा स्वतःची गोष्ट. चौथ्या तासापासून मात्र तेच ते. टॉवर चढा, दहा जण मारा, परत या. भरताचा वास आला म्हणून ताटावर बसलो, तर पुढ्यात नुसती वांग्याची सालं!

स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, पैसे परत हवे तर खरेदीला १४ दिवस व्हायच्या आत मागावे लागतात आणि खेळणंही २ तासांपेक्षा कमी लागतं. माझे ११ तास झालेत, म्हणजे तो रस्ता बंद.

'नो मॅन्स स्काय' या गेमला २०१६ मध्ये लोकांनी शिव्या घातल्या, पण फुकटच्या अपडेट्सनी तो सावरला. 'सायबरपंक २०७७' तर डिसेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला होता, २०२३ च्या २.० अपडेटनंतर त्याचंही कौतुक झालं. पण माझ्या गेममध्ये बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, नाहीतच हो, कंटाळा आहे. तो अपडेटने जातो का?

उडवायला हात धजत नाही, डाउनलोडला दोन रात्री गेल्यात. थांबू का? आणि विकत घेण्याआधी तुम्ही नेमकं काय बघता? ट्रेलर सोडून सांगा.